चुसोव्हितिनाचे वय आणि तुमची टाच

या वेळचे पत्र एका 43 वर्षांच्या वाचक भगिनीचे आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला आवश्यक तेवढाच भाग थोडा संक्षेप करून येथे देत आहे.

«मी सातव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स शिकत होते. पंधराव्या वर्षी एका स्पर्धेत बीमवरून (कसरतीच्या अरुंद आडव्या दांड्यावरून) पडले, फार घाबरले आणि त्यानंतर हॉलमध्ये पुन्हा पाऊल ठेवले नाही. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोव्हितिनाला 46 व्या वर्षी व्हॉल्ट (धावत येऊन, टेबलावर हात टेकून घ्यायची उडी) करताना पाहिले आणि मी रडले. तेव्हापासून ती माझे दैवत आहे. कपाटाच्या दाराला आतून तिचे छायाचित्र लावले आहे. दीड वर्षापूर्वी धीर करून प्रौढांच्या वर्गात नाव घातले. आता आठवड्यातून तीन दिवस जाते आणि तेवढे तीन दिवस मला मी परत मिळते. पण चार महिन्यांपासून उजव्या टाचेच्या मागे, वरच्या बाजूला दुखते. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले भिंतीला धरून टाकावी लागतात. सराव सुरू झाला की दुखणे विसरायला होते आणि दुसऱ्या दिवशी ते अधिकच असते. प्रशिक्षिकेला सांगितलेले नाही, कारण ती उड्या बंद करील. हॉलमध्ये जाण्याआधी वेदनाशामक गोळी घेते. ती चॉकच्याच डबीत ठेवते. मागच्या आठवड्यात तिथल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, ‹मावशी, तुम्ही लंगडता का?› मी म्हटले, चप्पल लागली. पतींना काही सांगायची सोय नाही; ‹हे काय वय आहे का?› हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयारच असते. ओक्साना 46 व्या वर्षी करू शकते, तर मी एवढ्याशा दुखण्याने थांबायचे का? थांबले, तर पंधराव्या वर्षी पळाले तशीच पुन्हा पळाले, असे मला वाटेल. आणि या वयात कोणाला असे दैवत मानणे पोरकटपणाचे आहे का, तेही सांगा.»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. पोरकटपणाचे नाही. एका बाईला उडी मारताना पाहून दुसरी बाई पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेल्या हॉलचे दार पुन्हा उघडते, याला पोरकटपणा म्हणणाऱ्याने स्वतः शेवटचे कोणते दार उघडले होते, ते आठवून पाहावे. ते छायाचित्र कपाटाच्या आतल्या बाजूला का लावावे लागते, एवढाच मला प्रश्न पडला. पण त्याविषयी पुढे लिहीन.

आता टाच. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करण्याचा मला अधिकार नाही; तरी तुम्ही जे वर्णन केले आहे, ते इतके नेमके आहे की तुमच्या दैवताविषयी एक अक्षर लिहिण्यापूर्वी त्यावर लिहिणे मला भाग आहे. सकाळची पहिली पावले ताठरलेली, अंग गरम झाले की दुखणे मागे पडते आणि दुसऱ्या दिवशी ते वाढून परत येते: पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जी जाड दोरीसारखी कंडरा असते, जिला अकिलीस टेंडन म्हणतात, तिच्यावर सोसण्यापलीकडे ताण पडू लागला की दुखणे नेमके याच क्रमाने येते-जाते. म्हणून सराव सुरू झाल्यावर ते विसरायला होते, याचा अर्थ ते बरे होत आहे असा तुम्ही घेऊ नका. उडी घेताना आणि खाली उतरताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. चाळिशीत ती पंधराव्या वर्षीइतक्या लवकर सावरत नाही; ती पूर्ववत व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. आणि गोळी फक्त दुखणे दाबते, कंडरेवरचा भार रतीभरही कमी करत नाही. जे दुखणे तुम्हाला थांब म्हणून सांगत होते, त्याचे तोंड बंद करून तुम्ही स्प्रिंगबोर्डकडे धावत आहात. ही कंडरा अचानक तुटण्याचे प्रसंग तिशी ते पन्नाशीतल्या, खेळाकडे नव्याने वळलेल्या लोकांत बरेच घडतात, आणि तुटताना मागून कोणी पोटरीवर लाथ मारावी तसे वाटते, असे ज्यांच्यावर तो प्रसंग आला ते सांगतात. तसे कधी झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जा. पण तिथवर गोष्ट जाऊ न देणे आज तुमच्या हातात आहे.

तेव्हा सरावाआधीची गोळी आजपासून बंद करा आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. तुम्ही घेत असलेली सगळी औषधे त्यांना सांगा. अलीकडे एखादे प्रतिजैविक घेतले असेल तर तेही सांगा, कारण फ्लुरोक्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकांनी ही कंडरा दुबळी होऊ शकते. तुमच्या मनात जी भीती आहे, की डॉक्टर एका वाक्यात ‹बंद करा› म्हणतील, ती बहुधा खरी ठरणार नाही. या दुखण्यावर केवळ विश्रांती हा सहसा पुरेसा उपाय नसतो. उड्या काही काळ थांबवून, पोटरी आणि कंडरा हळूहळू, मोजून वाढवलेल्या भाराने पुन्हा बळकट करणे, हाच बहुतेक वेळा उपचाराचा गाभा असतो. म्हणजे तुमच्यासाठी तो सरावच आहे, फक्त वेगळा.

आता ओक्सानाकडे येते. तुमचे पत्र समोर ठेवून टोकियोचा तो प्रसंग मी पुन्हा आठवत बसले. 25 जुलै 2021, महिलांची पात्रता फेरी. साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे आसनांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. व्हॉल्टच्या दोन उड्यांचे सरासरी गुण 14.166 झाले आणि अंतिम फेरीच्या आठ जणींत तिचे नाव येणार नव्हते. तरीही हॉलमध्ये जे कोणी होते, ते प्रतिस्पर्धी, प्रशिक्षक, पंच, स्वयंसेवक, सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि ती डोळे पुसत, दोन्ही हातांनी हृदयाची खूण करत त्यांच्याकडे पाहत होती. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून हे तिचे सलग आठवे ऑलिम्पिक होते. भोवती उभ्या असलेल्या मुलींपैकी बहुतेकींचा जन्म बार्सिलोनानंतरचा, आणि काही जणी तर तिच्या मुलाहूनही लहान. हे पाहून तुम्हाला रडू आले, यात नवल नाही.

मात्र त्या दृश्यातून तुम्ही घरी काय आणले, हे पाहिले पाहिजे. तुम्ही एक आकडा आणला: 46. तुमच्या पत्रात तो तीनदा आला आहे (संक्षेपात मी तो दोनदाच ठेवला), आणि प्रत्येक वेळी तो तुम्ही स्वतःच्या अंगावर उगारला आहे. ती 46 व्या वर्षी करू शकते, मग मी 43 व्या वर्षी का नाही? हे गणित चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते तुमच्या दैवताच्याच आयुष्यावरून सांगता येते.

ओक्साना 46 व्या वर्षी एकाएकी उडाली नाही. ती 1975 साली बुखारा येथे जन्मली, सोव्हिएत पद्धतीत लहानपणापासून घडली, 1991 मध्ये फ्लोअरची (जमिनीवरच्या कसरतींची) जगज्जेती झाली आणि 1992 मध्ये, सतराव्या वर्षी, संयुक्त संघाकडून (विघटित सोव्हिएत संघातल्या देशांच्या एकत्र संघाकडून) सांघिक सुवर्ण जिंकली. त्यानंतर तिने फार मोठा खंड कधी पडू दिला नाही. तिच्या डोळ्यांदेखत हा खेळच बदलला. ती सुरुवातीला ज्या आडव्या चामडी घोड्यावरून उडी घेत होती, त्याच्या जागी 2001 पासून रुंद, सपाट टेबल आले. 2006 मध्ये दहापैकी गुण देण्याची पद्धत गेली आणि काठिण्यासाठी वेगळे गुण मिळू लागले. प्रत्येक वेळी तिने आपली उडी नव्याने बसवली. गुणसंहितेत तिच्या नावाच्या पाच कृती आहेत. तिच्या घोट्यांनी आणि टाचांनी तीस वर्षे अखंड जो भार पेलला, तो पेलण्याची तयारीही तीस वर्षे अखंड झाली होती. तुमच्या टाचेने मधली पंचवीसहून अधिक वर्षे घर, नोकरी, जिने आणि बसथांबे पाहिले. यात कमीपणा कसलाच नाही. पण त्या टाचेला दीड वर्षात चुसोव्हितिनाच्या टाचेचे काम सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि ओक्सानाने काय सोडले, तेही पाहा. टोकियोत ती चारही साधनांवर उतरली नाही. ती फक्त व्हॉल्टवर उतरली. तारुण्यात जिने फ्लोअरचे जगज्जेतेपद मिळवले, तिने पुढे आपली सगळी भिस्त व्हॉल्टवर ठेवली. आपल्याजवळ आता काय शिल्लक आहे आणि ते कुठे खर्च करायचे, हे तिला ठाऊक होते. 2024 मध्ये, पॅरिसच्या पात्रतेसाठी, ताश्कंद येथे आशियाई जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपद स्पर्धा होती. तिच्याच देशात, तिच्याच लोकांसमोर. तिथे ती दुखापतीमुळे उतरू शकली नाही आणि नववे ऑलिम्पिक हुकले. 48 व्या वर्षी, इतक्या जवळ येऊन. त्या दिवशी तिने दुखापत झाकून धावपट्टीवर पाय ठेवला नाही. त्यानंतरही ती स्पर्धांत दिसत राहिली आहे. थांबणे आणि संपणे या तिच्यासाठी दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्याविषयी सर्वांत आवडते, आणि कपाटातल्या छायाचित्राकडे पाहताना तुम्ही हेही पाहावे असे मला मनापासून वाटते.

अजून एक गोष्ट आहे आणि ती अधिक नाजूक आहे. ओक्सानाविषयी बोलताना आपण सारेच ‹वयावर मात› हे शब्द सहज वापरतो, पण विशी ओलांडल्यावर ती खेळत राहिली त्यामागे वयाशी काही स्पर्धा नव्हती. 2002 मध्ये तिच्या लहानग्या मुलाला, अलिशेरला, रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांसाठी कुटुंब जर्मनीत कोलोन येथे गेले. पदकांतून मिळणारा पैसा उपचाराला लागत होता, म्हणून ती खेळत राहिली. 2003 मध्ये ती व्हॉल्टची जगज्जेती झाली, 2006 पासून जर्मनीकडून खेळू लागली आणि 2008 मध्ये बीजिंगला, 33 व्या वर्षी, व्हॉल्टचे रौप्य जिंकले. मुलगा बरा झाला. त्यानंतर तिला खेळण्याचे कारण उरले नव्हते, आणि तरीही ती खेळत राहिली. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकनंतर निवृत्ती जाहीर करून पुन्हा उझबेकिस्तानसाठी परतली, 2016 मध्ये रिओच्या अंतिम फेरीत, 41 व्या वर्षी, प्रोदुनोव्हासारखी अतिशय अवघड उडी मारायला गेली, उतरताना सावरू शकली नाही आणि सातवी आली. आपली दीपा कर्माकर याच फेरीत चौथी आली होती, हे अनेकांच्या लक्षात असेल. आधीची वर्षे तिने मुलासाठी दिली आणि नंतरची स्वतःला आवडते म्हणून. तुमचे आणि तिचे नाते या दुसऱ्या भागात आहे. ‹तेवढे तीन दिवस मला मी परत मिळते,› असे तुम्ही लिहिले आहे. संपूर्ण पत्रात हे एकच वाक्य असे आहे की जे तिलाही लगेच कळले असते. टाचेचे दुखणे दडवण्याचा भाग तिच्याकडून आलेला नाही. तो दुसरीकडून आला आहे.

तो कुठून आला असावा, याविषयी मला एक शंका आहे. तुमच्या वयाच्या बहुतेकांनी 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमधला केरी स्ट्रगचा प्रसंग केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. अठरा वर्षांची अमेरिकन मुलगी. पहिल्या उडीत घोट्याला दुखापत होते, तरी ती दुसरी उडी घेते, उतरते, एक पाय उचलून धरून पंचांना अभिवादन करते आणि गुडघ्यांवर कोसळते. संघाला सुवर्ण मिळते आणि प्रशिक्षक तिला उचलून पदक घ्यायला नेतात. जगाने हा प्रसंग शौर्याचा धडा म्हणून डोक्यावर घेतला. परंतु ती दुसरी उडी झाली नसती तरी गुणांच्या हिशेबाने सुवर्ण अमेरिकेलाच मिळाले असते. आणि त्या दुखापतीमुळे केरीला वैयक्तिक अंतिम फेऱ्यांतून माघार घ्यावी लागली. ती पुन्हा ऑलिम्पिक खेळली नाही. त्या मुलीच्या धैर्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांपैकी कोणीच तिला ‹बस, पुरे› म्हणाले नाही, याचा मात्र मला आजही राग येतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मनात वीर म्हणजे दुखऱ्या पायावर उभा राहणारा, हे चित्र अशाच प्रसंगांनी पक्के केले आहे. तुम्ही ओक्सानाचे छायाचित्र लावले आणि त्याखाली नियम मात्र अटलांटाचे पाळत आहात.

या खेळाने त्या नियमांना उत्तर दिले, तेही टोकियोतच, ओक्सानाच्या त्या उडीनंतर दोनच दिवसांनी, त्याच हॉलमध्ये. 27 जुलैला सांघिक अंतिम फेरीत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्या ठरवल्या होत्या आणि हवेत तिला दीडच घेता आल्या. हवेत आपण कुठे आहोत, जमीन कुठे आहे, याचे भानच सुटू लागले होते. जिम्नॅस्ट याला ‹ट्विस्टीज› म्हणतात. अशा अवस्थेत उडी घेतली तर मानेवर पडण्याचा धोका असतो. तिने फेरीतून माघार घेतली. 24 वर्षांची, त्या काळातली सर्वांत मोठी जिम्नॅस्ट, साऱ्या जगासमोर. संघाला रौप्य मिळाले आणि ती पळाली, असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. आठवडाभराने, 3 ऑगस्टला, ती बीमवर परतली. उतरताना नेहमीच्या गिरक्या न घेता साधी दुहेरी पाइक उडी (गुडघे सरळ ठेवून, कमरेत वाकून हवेत दोन कोलांट्या) घेतली आणि कांस्य मिळवले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. मला त्या बीमवरच्या बदललेल्या उडीचे फार मोल वाटते. जगातली सर्वांत अवघड कृती करणारी मुलगी, आज हे जमणार नाही म्हणून सोपी कृती निवडते आणि तीही अशी करते की नजर हलू नये.

एकाच हॉलमध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, 46 वर्षांची एक बाई उतरली आणि 24 वर्षांची एक मुलगी थांबली. दोघींनीही आपले शरीर काय सांगते आहे ते ऐकले होते. तुम्ही मात्र गोळी घेऊन ऐकणे बंद केले आहे, म्हणून आज तुम्ही थांबलात तरी किंवा चालू ठेवलेत तरी दोन्ही गोष्टी चुकीच्याच वाटत राहतील.

आता पंधराव्या वर्षाविषयी. याला मी पत्राचा खरा विषय समजते. बीम पाच मीटर लांब, फक्त दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावरून पडलेली, घाबरलेली पंधरा वर्षांची मुलगी ‹पळाली›, असा शब्द तुम्ही वापरला आहे, तोही दोनदा. मी एक विचारू का? ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तेव्हा तिला कोणी बोलवायला आले का? कोणी म्हणाले का, की घाबरणे बरोबरच आहे, चल, आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर चालून पाहू, मग बुटक्या बीमवर, मग पुढचे पुढे? पडल्यानंतर परत चढवण्याची हीच रीत प्रत्येक चांगल्या हॉलमध्ये असते, आणि ती पार पाडण्याचे काम मोठ्यांचे असते. तुमच्या पत्रात अशा कोणाचाच उल्लेख नाही. मला दिसते ती एक मुलगी, जिला कोणीही परत आणले नाही आणि जिने नंतर सगळा दोष एकटीने स्वतःकडे घेतला. पंचवीसहून अधिक वर्षांनंतर तुम्ही स्वतःच तिला हात धरून परत आणले आहे. आता तिला दुखऱ्या पायावर धावायला लावून ती भित्री नव्हती हे सिद्ध करण्याची गरज कोणाला आहे?

प्रशिक्षिकेला सांगा. पुढच्या सरावाच्या दिवशी, अंग गरम करण्याच्या आधी, कारण नंतर दुखणे ओसरते आणि त्याबरोबर सांगण्याचा धीरही ओसरतो. फार प्रस्तावना नको. ‹माझ्या उजव्या टाचेच्या मागे चार महिने दुखते आहे, मी गोळी घेऊन येत होते, हे तुम्हाला आधी सांगायला हवे होते,› एवढे पुरे. ती रागावली, तर थोडी रागावू द्या. तिच्या वर्गात एक व्यक्ती दुखऱ्या टाचेने उड्या घेत होती आणि तिला ते ठाऊक नव्हते, ही तिच्यासाठी साधी गोष्ट नाही. आणि तिने उड्या बंद केल्या, तर तिला विचारा की उड्यांशिवाय काय करता येईल. पुष्कळ करता येते. हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे) आहे, बारवरचे लोंबकळणे आणि खेचणे आहे, खांद्यांची आणि पोटाची ताकद आहे, लवचिकता आहे. बीमवर हळू चालणे आहे, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. प्रौढपणी परतलेल्या बहुतेकांचे खांदे आणि मनगटे कच्चीच राहिलेली असतात, कारण उडी घेण्यात जी मौज आहे ती भिंतीला पाय लावून हातांवर मिनिटभर उभे राहण्यात नाही. हे काही महिने त्याला द्या. चांगला भक्कम हँडस्टँड ही या खेळातली निम्मी इमारत आहे, असे जुने प्रशिक्षक उगाच म्हणत नाहीत.

एक व्यवहाराची सूचना: दुखण्याची एक छोटी वही ठेवा. सकाळच्या पहिल्या पावलांना शून्य ते दहापैकी किती दुखले, एवढाच एक आकडा रोज. फिजिओथेरपिस्टला त्याचा फार उपयोग होतो आणि तुम्हालाही 46 सोडून पाहायला दुसरा एखादा आकडा मिळेल.

तुमच्या पतींविषयी मला फार लिहायचे नाही. त्यांचे ते वाक्य मला आवडलेले नाही, पण तुम्ही दीड वर्षात त्यांना त्या तीन दिवसांविषयी काय सांगितले आहे, हेही पत्रातून कळत नाही. दुखणे लपवायचे, छायाचित्र कपाटाच्या आत लावायचे, गोळी चॉकच्या डबीत ठेवायची, आणि मग घरच्यांना आपले वेड कळत नाही म्हणून खंत करायची, हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल. टाचेचे सांगताना त्यांना ओक्सानाचेही सांगा. तिच्या मुलाची गोष्ट सांगा, रिकाम्या हॉलमधल्या टाळ्यांची सांगा. वयाच्या वादात पडू नका. तुम्हाला तिथे काय मिळते एवढेच सांगा. तरीही त्यांनी तेच वाक्य म्हटले, तर ते त्यांना म्हणू द्या आणि तुम्ही ठरल्या वेळी घराबाहेर पडा. छायाचित्र मात्र दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा.

राहिली ती नऊ वर्षांची मुलगी. तुमच्या पत्रात ती एका ओळीपुरती आली आहे, पण मी तिच्यापाशीच सर्वांत जास्त थांबले. हॉलभर मोठी माणसे असताना तुमचे लंगडणे फक्त तिलाच दिसले, म्हणजे ती तुमच्याकडे पाहत असते. तुम्ही जसे टोकियोतल्या त्या बाईकडे पाहिले, काहीसे तसेच. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी तिचाही घोटा दुखेल, मनगट दुखेल, एखाद्या दिवशी तीही बीमवरून पडेल, आणि तेव्हा चप्पल लागली म्हणायचे की प्रशिक्षिकेकडे जायचे, हे तिला ठरवावे लागेल. तेव्हा प्रशिक्षिकेशी बोलून झाले की तिच्याकडे जा आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर द्या. तिला सांगा, की हो, मी लंगडत होते, चप्पल लागली नव्हती, माझी टाच दुखते आहे, आता मी ती डॉक्टरांना दाखवते आहे आणि तोवर उड्या घेणार नाही. मग भिंतीजवळ जागा धरा आणि तिला म्हणा, की ये, तू मोज, मी हातांवर किती वेळ उभी राहते ते पाहू. किती आकडे झाले, ते मला अवश्य कळवा.